जुनी आर्मी बाहेर काढलीत? आधी एक शिपाई पूर्ण करा

प्रश्न थोडक्यात असा आहे: शाळा-कॉलेजच्या वयात वॉरगेमिंग केलं, म्हणजे टेबलावर छोट्या शिपायांच्या लढाया खेळल्या, ते शिपाई (मिनिएचर) रंगवले, मग नोकरी आणि संसारात सगळं पेटीत गेलं. आता पंधरा-वीस वर्षांनी पेटी उघडली आहे. आत अर्धवट रंगवलेले धातूचे आणि प्लॅस्टिकचे शिपाई, तुटलेले भाले, दगड झालेले रंग. ज्या नियमांनी खेळायचो ते नियमही आता चालू नाहीत. सगळं विकून नव्याने सुरुवात करावी, की जुना रंग काढून पुन्हा रंगवावं? हात आणि डोळे साथ देतील का? आणि खेळायचं काय?

माझं उत्तर आधी सांगतो, कारणं नंतर. आत्ता काही विकू नका आणि जवळजवळ काहीच विकत घेऊ नका. पेटीतला एक शिपाई निवडा आणि तो शेवटपर्यंत पूर्ण करा, बेससकट (पायाखालची चकती) आणि वार्निशसकट (रंग जपणारा शेवटचा थर). बाकीचे सगळे निर्णय त्यानंतर घ्या.

एवढ्या वर्षांच्या खंडात हाताची सवय मोडते, पण नजरेची मोडत नाही. उलट या काळात तुम्ही इतरांचं उत्तम काम फोटोंत पाहिलेलं असतं, त्यामुळे नजर पूर्वीपेक्षा चोखंदळ झालेली असते. परत आल्यावरच्या पहिल्या काही आठवड्यांत हे अंतर सगळ्यात जास्त बोचतं आणि बहुतेक लोक तिथेच पुन्हा पेटी बंद करतात. त्यात चाळीस शिपायांची पलटण एकदम प्रायमर (रंगाआधीचा पायाचा थर) मारून टेबलावर मांडली असेल तर विचारूच नका. एक फिगर पूर्ण झाली की कोणते रंग जिवंत आहेत, चष्मा पुरतो का, मनगट किती वेळ टिकतं आणि मुख्य म्हणजे यात अजून मजा येते का, हे सगळं एकदम कळतं.

कोणता शिपाई घ्यायचा? सेनापती नको, आणि ज्याच्यावर तुमचा जीव आहे तो तर नकोच. ज्याचे दहा-वीस जुळे भाऊ पेटीत आहेत असा साधा पायदळाचा शिपाई घ्या. तो बिघडला तरी दुःख होणार नाही आणि चांगला झाला तर पुढच्या नऊ जणांची रीत ठरून जाईल.

आता पेटीकडे वळू. पहिली विभागणी पदार्थानुसार करा: धातू, कडक प्लॅस्टिक, रेझिन. कारण गोंद, रंग काढायचं द्रावण आणि दुरुस्ती, तिन्ही गोष्टी त्यावर ठरतात.

धातूच्या जुन्या फिगरमध्ये शिसं असण्याची बरीच शक्यता असते. वॉरहॅमर हा खेळ काढणाऱ्या गेम्स वर्कशॉप या कंपनीने १९९७ च्या सुमारास शिसेमुक्त मिश्रधातू वापरायला सुरुवात केली. त्याआधीचा माल, आणि इतर अनेक कंपन्यांचा त्यानंतरचाही, शिसेयुक्त असू शकतो. हाताळायला हरकत नाही, पण हाताळल्यावर हात धुवा, कानस कोरडी चालवू नका, भुगा ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि लहान मुलांच्या हाती हे शिपाई देऊ नका. ब्रशचं टोक ओठांनी जुळवायची सवय असेल तर तीही आता सोडा.

अशा एखाद्या फिगरवर पांढरी, पिठासारखी भुकटी दिसली तर ती धूळ नव्हे, शिसं गंजतंय. लाकडी कपाटातून, विशेषतः ओकसारख्या लाकडातून, आणि हलक्या पुठ्ठ्यातून ॲसिडची वाफ निघते. बंद जागेत वर्षानुवर्षं ती साचली की हा गंज धरतो. पाण्याखाली ताठ ब्रशने घासून भुकटी काढा, फिगर पूर्ण वाळवा, प्रायमर मारा आणि पुढे हवा खेळती राहील अशा प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा. तपशील खाल्ला गेला नसेल तर फिगर वाचते.

सुपरग्लूचे जुने जोड ठिसूळ झालेले असतात. हलकेच पिळून निघत नसतील तर फिगर काही तास फ्रीझरमध्ये ठेवा, जोड कट्कन सुटतो. धातूचे जड हात आणि पंख परत नुसत्या गोंदावर चिकटवू नका. हाताने फिरवायच्या छोट्या ड्रिलने दोन्ही बाजूंना १ मिलिमीटरचं भोक पाडा, तारेचा तुकडा घाला आणि मग सुपरग्लू लावा. प्लॅस्टिकचे भाग प्लॅस्टिक सिमेंटने जोडले असतील तर ते प्रत्यक्षात वितळून एकजीव झालेले असतात. तिथे जोर लावाल तर जोड नाही सुटणार, मनगट तुटेल.

रंग काढण्याबद्दल माझं मत अनेकांना पटत नाही, तरी ठामपणे सांगतो: शक्यतो काढू नका. जुना थर पातळ असेल, चिलखताच्या कडा आणि चेहऱ्याच्या रेषा दिसत असतील तर साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन वरूनच प्रायमर मारा. रंग काढायला तेव्हाच बसा, जेव्हा घट्ट एनॅमलखाली सगळा तपशील बुजला असेल. तेव्हाही पदार्थ पाहून द्रावण निवडा. निव्वळ धातूच्या फिगरला ॲसिटोन चालतं, पण प्लॅस्टिकला ते चुकूनही लावू नका, फिगरचा गोळा होईल. प्लॅस्टिकवरच्या ॲक्रिलिक रंगाला आयसोप्रोपिल अल्कोहोल चांगलं लागू पडतं. काही तास बुडवून ठेवा, हातमोजे घालून जुन्या टूथब्रशने घासा, आणि खोलीत हवा असू द्या, ज्योत नको. रेझिनचा भरवसा नसतो, काही प्रकार अल्कोहोलमध्ये मऊ पडतात, म्हणून आधी एखाद्या टाकाऊ तुकड्यावर थोडा वेळ करून पाहा. आणि त्या काळातल्या तुमच्या सर्वांत चांगल्या दोन-तीन फिगर जशा आहेत तशाच ठेवा. त्या पुन्हा रंगवायच्या नाहीत.

जुन्या रंगांचा निवाडा सोपा आहे. झाकण उघडा. घट्ट पण एकसंध असेल तर थोडं पाणी किंवा ॲक्रिलिक मीडियम घाला, न गंजणाऱ्या स्टीलची गोळी टाका आणि भरपूर हलवा. रबरासारखे लोळे झाले असतील किंवा कुबट वास येत असेल तर फेकून द्या, त्यातून काही निष्पन्न होत नाही. सिटाडेलचे (हा गेम्स वर्कशॉपचाच मार्का) रंग तुमच्याकडे असतील तर २०१२ मध्ये त्यांनी सगळी श्रेणी बेस, लेयर, शेड, ड्राय अशी नव्याने मांडली आणि जुनी नावं गेली. जुन्या-नव्या नावांचे तक्ते मिळतात, पण तक्त्यापेक्षा डोळ्यावर विश्वास ठेवा. नवा रंग पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर लावा, पूर्ण वाळू द्या आणि दिवसाच्या उजेडात जुन्या फिगरशेजारी धरा. वाळू देणं महत्त्वाचं, कारण ॲक्रिलिक वाळल्यावर गडद होतं. ओला रंग जुळला म्हणून खूश होऊ नका.

नव्याने घ्यायच्याच असतील तर दोन-तीन गोष्टी घ्या. एक चांगला ब्रश, १ नंबरचा, कोलिन्स्की सेबलचा, म्हणजे प्राण्याच्या नैसर्गिक केसांचा. विन्सर अँड न्यूटनच्या सिरीज ७ चं नाव या कामात पिढ्यान्‌पिढ्या घेतलं जातं, पण मार्का कुठलाही असो, पाहायचं ते टोक. परतणारे लोक हमखास तीन शून्यांचा, म्हणजे अगदी बारीक, ब्रश घेतात, डोळे रंगवायचे म्हणून. त्या ब्रशला पोटच नसतं. घेतलेला थेंबभर रंग फिगरपर्यंत पोचेतो टोकावरच वाळतो. टोकदार १ नंबर डोळाही रंगवतो आणि झगाही. ड्रायब्रशला, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर रंग घासायला, मात्र हा ब्रश कधी वापरू नका, त्यासाठी जुना, पसरलेला, मऊ मेकअपचा ब्रश उत्तम.

दुसरी गोष्ट ओली पॅलेट. तुमच्या काळात फरशीच्या तुकड्यावर किंवा झाकणात रंग कालवत असाल. उथळ डब्यात ओला स्पंज आणि त्यावर बेकिंगचा कागद, एवढीच रचना. खालून ओल मिळत राहते, त्यामुळे रंग तासन्‌तास पातळ राहतो. कागद मेणाचा नको, त्यातून पाणी झिरपत नाही. खंडानंतर ज्या एका गोष्टीने काम सर्वांत जास्त सुधारतं ती ही, असं मी म्हणेन.

मधल्या काळात तंत्रात खरा बदल झाला तो पारदर्शक एकथरी रंगांमुळे. २०१९ मध्ये सिटाडेलने काँट्रास्ट रंग आणले, मग आर्मी पेंटरचे स्पीडपेंट आले, व्हॅलेहोचे एक्सप्रेस कलर आले. उजळ प्रायमरवर हा रंग सोडला की तो खाचांत साचतो आणि उंचवट्यावर विरळ राहतो. सावली आणि उजेड एका हातात. याला जोडून लोकप्रिय झालेली युक्ती म्हणजे काळा प्रायमर, त्यावर राखाडी ड्रायब्रश, मग वरून पडणाऱ्या उजेडाच्या बाजूने पांढरा ड्रायब्रश, आणि मग हे पारदर्शक रंग. हिला स्लॅपचॉप म्हणतात.

एक झगा घेऊन दाखवतो. काळ्या प्रायमरवर मध्यम राखाडीचा ड्रायब्रश वरून खाली फिरवा, चुण्यांच्या कडा उठून येतील. मग पांढरा, पण फक्त खांद्यावर आणि चुण्यांच्या माथ्यावर. ब्रश कागदावर पुसून जवळजवळ कोरडा झाला पाहिजे, हाताच्या पाठीवर ओढला तर नुसती भुकटीची रेष उमटावी. आता लाल काँट्रास्ट. ब्रश भरा आणि झग्याच्या वरच्या टोकापासून खाली एका दमात उतरत या, मध्ये थांबू नका. तळाशी थेंब लोंबू लागेल. ब्रश धुऊन, पुसून, ओलसर टोकाने तो थेंब टिपून घ्या. आणि मग हात आवरा. अर्धवट वाळलेल्या थराला पुन्हा ब्रश लावला की डाग पडतो आणि तो डाग निघत नाही. अर्ध्या तासाने पाहिलंत तर चुण्यांच्या तळाशी जवळपास काळपट तांबडं, कडेला उजळ लाल, आणि मधले उतार आपोआप जमलेले.

या रंगांच्या मर्यादाही सांगायला हव्यात. सपाट पृष्ठभागावर, म्हणजे ढालीवर किंवा रणगाड्याच्या पत्र्यावर, ते डबकी करून वाळतात. स्पीडपेंटची पहिली आवृत्ती वाळल्यावरही ओल लागली की पुन्हा सुटायची आणि वरच्या रंगात मिसळायची. दुसऱ्या आवृत्तीत हा दोष काढला. जुन्या बाटल्या कुणी देत असेल तर हे लक्षात ठेवा. आणि तुमचा पहिला शिपाई मात्र जुन्या पद्धतीने रंगवा: मूळ रंगाचे दोन पातळ थर, वॉश (खाचांत उतरणारा पातळ गडद रंग), मग कडेला उजळ रेघ. काँट्रास्ट रंग काम भराभर उरकतात, पण ब्रशवरचा ताबा त्या रेघेनेच परत येतो.

त्या रेघेसाठी बसायची पद्धत. दोन्ही कोपरं टेबलावर, दोन्ही तळहातांची मुळं एकमेकांना टेकलेली, फिगर एखाद्या जाड बुचावर किंवा बाटलीवर चिकटवलेली. म्हणजे दोन्ही हात एकत्र हलतात आणि कंप जवळजवळ संपतो. कडेवर ब्रशचं टोक नव्हे तर बाजू ओढा, कड स्वतःच रंग उचलते. पाऊण तासापेक्षा जास्त एका बैठकीला बसू नका. थकलेला हात पहिल्या अर्ध्या तासाचं काम बिघडवतो.

डोळ्यांचं म्हणाल तर चाळिशीनंतर जवळचं अंधुक होणं हे वयाचं आहे, कौशल्याचं नाही. आधी डोळे तपासून घ्या, मग दिव्याकडे पाहा, भिंगाकडे सर्वांत शेवटी. ५,००० ते ६,५०० केल्विनचा, म्हणजे दिवसासारखा पांढरा उजेड देणारा, आणि रंगदर्शक निर्देशांक (CRI, रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० च्या वर असलेला दिवा घ्या. जमल्यास दोन घ्या, डावी-उजवीकडून, म्हणजे ब्रशची सावली कामावर पडत नाही. मला असं दिसलं आहे की भिंग हवं म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची अडचण नुसत्या चांगल्या उजेडाने सुटते. तरीही लागलं तर डोक्यावर बसणारं भिंग घ्या. १.७५ पट भिंगाने साधारण १४ इंचांवर काम करता येतं, अडीच पटीने ते अंतर ८ इंचांवर येतं. जास्त ताकद म्हणजे नाकाशी आणलेली फिगर आणि दुखणारी मान. भिंगातून रंगवा, पण काम जमलं की नाही हे हातभर अंतरावरून ठरवा. खेळताना ती फिगर तेवढ्याच अंतरावरून दिसणार आहे.

स्प्रेचं एक सांगून पुढे जातो. दमट हवेत प्रायमर किंवा वार्निशचा स्प्रे मारला की पृष्ठभाग खरखरीत होतो किंवा पांढुरका पडतो, आणि पूर्ण झालेल्या कामावर वार्निश पांढरं पडण्याइतकं वाईट काही नाही. हवा कोरडी असेल तेव्हाच, २० ते ३० सेंटिमीटरवरून, हलक्या फेऱ्यांनी मारा. नसेल तर ब्रशने लावायचा प्रायमर आणि ब्रशने लावायचं मॅट वार्निश मिळतं, थोडा वेळ जास्त लागतो इतकंच.

थ्रीडी प्रिंटिंगचा मोह होईल. तो स्वतंत्र छंद आहे आणि पहिल्या वर्षी तरी लांब ठेवा. न कडक झालेलं रेझिन त्वचेला घातक असतं. नायट्राइलचे हातमोजे, हवेशीर जागा, धुणं, अतिनील प्रकाशात कडक करणं, एवढा सगळा व्याप सांभाळायचा तर रंगवायला वेळ कुठून उरणार?

आता खेळ. इथे लोक उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी नियमांचं पुस्तक आणि आर्मी घेतात, मग समोर कुणी बसतंय का ते शोधतात. आधी माणूस शोधा. तो जे खेळतो ते शिका. तुम्हाला आवडणारा पण प्रतिस्पर्धी नसलेला खेळ कपाटात पडून राहतो.

वॉरहॅमरचं काय झालं ते थोडक्यात. रांगा करून लढणारं जुनं फँटसी २०१५ मध्ये बंद झालं आणि त्याजागी गोल बेसवरचं एज ऑफ सिगमार आलं. जानेवारी २०२४ मध्ये द ओल्ड वर्ल्ड या नावाने चौकोनी बेस आणि रांगा परत आल्या, त्यामुळे चौकोनी बेसवरचे तुमचे भालाईत आता पुन्हा कामाचे आहेत. मात्र या खेळातले बरेच बेस जुन्यापेक्षा थोडे मोठे आहेत. पलटण जशीच्या तशी ठेवून खाली योग्य मापाचा ट्रे केला तर मैत्रीच्या सामन्यात कुणी हरकत घेत नाही. ४०के मध्ये, म्हणजे वॉरहॅमरच्या भविष्यकाळातल्या खेळात, २०१७ च्या आठव्या आवृत्तीने नियम मुळापासून बदलले, २०२३ मध्ये दहावी आली. त्याच २०१७ मध्ये उंच, नव्या अंगलटीचे प्रायमारिस मरीन (त्या खेळातले चिलखती सैनिक) आले आणि २५ मिलिमीटरच्या बेसवरचे जुने मरीन त्यांच्याशेजारी बुटके दिसू लागले. घरच्या टेबलावर त्याने काही बिघडत नाही. स्पर्धेला जाणार असाल तर आधी आयोजकांना बेसचं माप विचारा आणि गरज पडली तर फक्त बेसभोवती कडं लावा, फिगर उपटायची गरज नाही.

पण २,००० पॉइंटांची (पॉइंट म्हणजे फिगरची ताकद मोजायचा आकडा) आर्मी आणि ४४ × ६० इंचांचं टेबल हे परतीचं पहिलं पाऊल होऊ नये. लहान चकमकीचे खेळ घ्या. किल टीममध्ये मूठभर फिगर लागतात. फ्रॉस्टग्रेव्हमध्ये एक जादूगार, त्याचा शिष्य आणि आठपर्यंत साथीदार, तेही कुठल्याही कंपनीचे चालतात, म्हणजे पेटीतल्या भटक्या फिगरना लगेच काम. वन पेज रूल्सचे मूळ नियम मोफत मिळतात, काही पानांत संपतात आणि तुमचे जुने शिपाई त्यात सहज बसतात. दहा फिगर रंगवून झाल्या की खेळ सुरू करता येतो, आणि खेळायला मिळालं की अकरावी रंगवावीशी वाटते. मोठ्या आर्मीत हेच घडत नाही, तिथे पहिला डाव खेळेपर्यंत वर्ष जातं.

तुमच्या पेटीत ऐतिहासिक फिगर असतील तर तुमचं नशीब थोर. १८१५ च्या वॉटर्लूतल्या शिपायाचा गणवेश कुठली कंपनी नव्या आवृत्तीत बदलू शकत नाही. नियम बदलतील, फिगर तीच राहील. दुसऱ्या महायुद्धासाठी २८ मिलिमीटरमध्ये (हे माप फिगरच्या उंचीचं) बोल्ट ॲक्शन हा खेळ २०१२ पासून आहे, १५ मिलिमीटरवाल्यांना फ्लेम्स ऑफ वॉर आहे. फक्त माप आधी मोजून घ्या. जुन्या २५ मिलिमीटरच्या फिगर आजच्या २८ मिलिमीटरच्या फिगरशेजारी मुलांसारख्या दिसतात, म्हणून एका पलटणीत दोन्ही मिसळू नका. वेगवेगळ्या पलटणींत चालून जातं.

राहता राहिला तो प्रश्न जो सगळे विचारतात: जुनं रंगकाम आणि नवं रंगकाम शेजारी शेजारी विचित्र दिसेल त्याचं काय? दिसेल, फरक असणारच. पण टेबलावरून पाहणाऱ्याच्या डोळ्यांना आर्मी एक वाटते ती मुख्यतः बेसमुळे. सगळ्यांच्या बेसवर एकच पोताची पेस्ट, एकच तपकिरी, त्यावर तोच फिकट ड्रायब्रश, त्याच गवताचे दोन-तीन पुंजके, आणि बेसच्या कडेला एकच रंग, काळा किंवा गडद तपकिरी. आधी चिकट हिरव्या भुशाचे जुने बेस खरवडून घ्या, मग दहा-दहा बेस एकदम करा. जुन्या शिपायांवर हवं तर एक पातळ तपकिरी वॉश आणि नव्यांवर वापरलेलंच मॅट वार्निश फिरवा, म्हणजे जुनी चमक जाते. पहिला शिपाई पूर्ण करताना त्याच्या बेससाठी वापरलेले रंग आणि क्रम कागदावर लिहून ठेवा आणि तो कागद रंगांच्या डब्यातच टाका. सहा महिन्यांनी अकराव्या शिपायाच्या वेळी तो लागणार आहे.